पोर्चचं छप्पर गळतंय? कौलाला शिव्या देऊ नका

नमस्कार मंडळी! आज छपराबद्दल बोलायचंय, पण पूर्ण घराच्या नाही हां, फक्त दारापुढच्या त्या छोट्याशा पोर्चच्या, ज्यावर वर छान कौलं असतात, खालून छान सीलिंग असतं आणि पहिल्या जोरदार सरीला बरोब्बर पायपुसण्यावर थेंब पडायला लागतो.

आधीच कबूल करतो, माझ्या स्वतःच्या पोर्चवर मी सिलिकॉनच्या तीन ट्यूबा ओतल्यात. जिथे थेंब पडतोय त्याच्या बरोबर वरच्या कौलांच्या फटी एकूणएक बुजवल्या, वरून वॉटरप्रूफिंगचा कसलासा रंग मारला, आणि पुढच्या पावसात एका थेंबाचे चार झाले. तेव्हा डोकं खाजवत बसलो आणि मग कळलं की मी म्हशीच्या दुखण्यासाठी पखालीला इंजेक्शन देत होतो.

कसं ते सांगतो. आपल्याला वाटतं कौल म्हणजे पाणी अडवणारी गोष्ट, पण ते खरं तर पाणी वाहून नेणारं आहे. एक कौल दुसऱ्यावर थोडं चढलेलं असतं, मधे फट असतेच, ती असायलाच हवी, आणि पाणी आत शिरायच्या आत खाली पळून जातं म्हणून घर कोरडं राहतं. म्हणजे सगळा खेळ पाण्याच्या पळण्याचा, अर्थात ढाळाचा. ढाळ कमी झाला की पाणी पळत नाही, रेंगाळतं, आणि वारा आला की उलटं वरच्या बाजूला ढकललं जातं. शिवाय वारा नसला तरी दोन कौलांच्या बारीक फटीत ते आपोआप वर चढतं, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटवल्या की मधे पाणी कसं पसरत जातं, अगदी तसं.

आता पोर्चलाच हा त्रास का? कारण पोर्चच्या वर बहुतेक वेळा वरच्या मजल्याची खिडकी असते! खिडकीखाली जेवढी उंची उरली तेवढ्यातच छप्पर बसवायचं, खाली दारावर डोकं आपटता कामा नये, मग उतार येणार कुठून. घराच्या मुख्य छपराला शोभतील म्हणून तीच कौलं इथेही टाकतात, आणि इथेच चुकतं. खाचेच्या, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या कौलांना बऱ्याचदा किमान १७-१८ ते २२ अंश उतार लागतो, साध्या चपट्या कौलांना तर ३५ च्या आसपास. काही खास बनावटीची कौलं यापेक्षा कमीवर चालतात, पण ती आपल्या पोर्चवर असतील असं उगाच धरून चालू नका.

उतार मोजायला इंजिनीअर नको. १ मीटर लांबीची पाणसळ आडवी धरा, एक टोक वाशाला टेकवा, दुसऱ्या टोकापासून खाली वाशापर्यंत किती अंतर भरतं ते मोजा. २५ सेंटीमीटर भरलं तर ढाळ साधारण १४ अंश, ३३ भरलं तर १८, आणि ५० भरलं तर साडेसव्वीस. मात्र मोजायचं वाशावर, कौलावर नाही, कारण वरचे किमान आकडे वाशाच्या उताराचे आहेत, आणि प्रत्येक कौल खालच्या कौलाच्या पाठीवर बसलेलं असतं त्यामुळे ते वाशापेक्षाही थोडं आडवंच पडतं. म्हणजे वासा १५ अंशात असेल तर कौल त्याहून कमीच, आणि पाणी बिचारं कौलावरून वाहतं, वाशावरून नाही.

बरं, उतार कमी निघाला म्हणजे गळतीचं कारण सापडलंच असं पण नाही. अजून दोन ठिकाणं आधी बघून घ्या. पहिलं, मुख्य छपराचा पन्हळीचा पाइप थेट पोर्चवर सोडलाय का? हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता हसू पण येत नाही. हिशोब करा ना, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. वर ४० चौरस मीटरचं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर तासाला २००० लिटर, म्हणजे मिनिटाला ३३ लिटर, आणि ते सगळं पाणी दोन-तीन कौलांवर! कुठलं कौल टिकेल? हा पाइप पोर्चवरून पुढे नेऊन सरळ खाली जमिनीपर्यंत आणा, कधीकधी तेवढ्यावरच काम भागतं आणि छप्पर उघडावं पण लागत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे छप्पर भिंतीला मिळतं तो सांधा. तिथे बहुतेक जण सिमेंटचा गोलसर पट्टा ओढून मोकळे होतात. पण छपराचं लाकूड फुगतं, आकसतं, भिंत जागची हलत नाही, मग तो पट्टा मधोमध चिरतो, केसाएवढी भेग पडते आणि भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी आत. तिथे धातूची पट्टीच हवी, तिला फ्लॅशिंग म्हणतात. कौलाच्या वर किमान १५० मिलिमीटर भिंतीवर चढलेली, आणि वरची कड विटांच्या दर्जेत, म्हणजे दोन थरांमधल्या सांध्यात, साधारण २५ मिलिमीटर आत घुसवून वरून दर्ज भरलेली. नुसती भिंतीला चिकटवलेली पट्टी पहिल्यांदा छान दिसते आणि मग सुटते. शिसं वापरत असाल तर एक तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नको, उन्हात ते वाढतं आणि जागा नसली की फाटतं.

गळती नक्की कुठून हे कळायला पाइपने पाणी मारून बघायचं, पण पद्धतशीर. पोर्चच्या सीलिंगमधे दिवा असेल तर आधी त्याचा करंट बंद करा, हे मस्करीत घेऊ नका. मग सगळ्यात खालून, वळचणीपासून सुरुवात, एका पट्ट्यावर १०-१५ मिनिटं पाणी, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, थेंब नाही आला तर थोडं वर सरकायचं, सगळ्यात शेवटी भिंतीचा सांधा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडूनच खाली येणार, मग कशाचाच पत्ता लागत नाही. आणि थेंब जिथे पडतो तिथेच भोक असतं हा गैरसमज सोडून द्या, पाणी वाशाच्या पोटावरून घसरत हातभर लांब जाऊन पडतं. माझे सिलिकॉनचे पैसे असेच गेले. शिवाय फटी बुजवल्या की आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, म्हणून एकाचे चार.

समजा उतारच कमी निघाला. तर मग औषध एकच, वरून काही फासायचं नाही, कौलं काढायची आणि खाली खरं छप्पर करायचं. हो, कौलं फक्त दिसायला आणि उन्हाला, पाणी अडवायचं काम खालच्या थराचं, हे एकदा मान्य केलं की बाकी सोपं आहे. कौलं वरून खाली उतरवा, पाय ठेवायचाच झाला तर कौलाच्या खालच्या कडेवर, जिथे ते दुसऱ्यावर टेकलेलं असतं, मधे पाय टाकला की कडाक. त्यापेक्षा शिडी आडवी टाकून तिच्यावरून काम केलेलं बरं, आणि ओल्या शेवाळलेल्या छपरावर चढूच नका.

रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, काढल्यावर वासे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, टोक लोण्यासारखं आत गेलं तर तो वासा बदलायचा, वळचणीकडची टोकं सगळ्यात आधी कुजतात. मग वाशांवर १८ मिलिमीटरचा बाहेरच्या कामाचा प्लाय, त्यावर चिकटणारं डांबरी मेम्ब्रेन, खालून वर लावत जायचं, वरचा पट्टा खालच्यावर १०० मिलिमीटर तरी चढला पाहिजे. वर भिंतीवर १५० मिलिमीटर वळवायचं आणि फ्लॅशिंग त्याच्यावरून येऊ द्यायचं, खाली मेम्ब्रेनची कड पन्हळीत उतरली पाहिजे. ती प्लायच्या काठावरच संपली तर पाणी प्लायमधे मुरतं आणि मग दोन-तीन वर्षांनी परत मी इथे बोलतोय आणि तुम्ही तिथे ऐकताय!

आता जे बरेच जण चुकवतात ते. मेम्ब्रेनवर डायरेक्ट आडव्या रिपा ठोकू नका. प्रत्येक आडवी रीप म्हणजे एक छोटं धरण, कौलाखाली आलेलं पाणी तिथे अडतं, कचरा साठतो, आणि खिळ्याच्या भोकातून हळूच आत. आधी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, २५ मिलिमीटर जाडीच्या, आणि त्यांच्यावर आडव्या रिपा. मग पाणी रिपांच्या खालून मजेत पन्हळीपर्यंत जातं, वारा पण खेळतो. फक्त एवढं लक्षात घ्या की प्लाय आणि पट्ट्या मिळून छप्पर ४३ मिलिमीटर वर उचललं जातं, त्यामुळे खिडकीखाली तेवढी जागा आणि वर फ्लॅशिंगचे १५० मिलिमीटर बसतात का ते काम काढायच्या आधी बघा, कौलं खाली उतरवून झाल्यावर नाही. नसेल बसत तर कौलांचा हट्ट सोडा, कमी उताराला चालणारा शिवणीचा, म्हणजे कडा एकमेकींत दुमडून जोडलेला, पत्रा टाका, दिसायला वाईट नसतो तो, मला तर आवडतो.

कौलं परत चढवायच्या आधी नुसत्या मेम्ब्रेनवर अर्धा तास पाणी सोडा. आत कोरडं राहिलं तरच पुढचं काम. आणि सीलिंगवरचा जुना पिवळा डाग लगेच रंगवू नका, त्याची कड पेन्सिलीने आखा, शेजारी तारीख लिहा, आणि एक पूर्ण पावसाळा तसाच राहू द्या. डाग रेषेच्या बाहेर आला तर मला शिव्या द्या, नाही आला तर रंगाचा डबा उघडा.