कार्कीक पार्कमधला एक तुकडा आणि तीन उन्हाळे

मंडळी, नमस्कार. आरती झाल्यावर आणि पानं वाढायच्या आधी माईक हातात घेणं धोक्याचं असतं, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आहे की नोव्हेंबरपासून मंडळाने सिॲटलच्या कार्कीक पार्कमध्ये, तिथलं जंगल सावरायला, श्रमदान करावं. ज्यांच्याशी बोललो, त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारला, "किती झाडं लावायची?" माझं उत्तर असं की पहिल्या दिवशी एकही रोप लावलं नाही तरी चालेल.

इथल्या टेकड्यांवरचे जुने सीडार आणि डग्लस फर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तोडले गेले. मागाहून आपोआप उगवले ते अल्डर आणि मोठ्या पानांचे मेपल. ते आता म्हातारे होऊन पडतायत आणि त्यांच्या जागी नवीन काही उगवत नाही, कारण खालची जमीन इंग्लिश आयव्ही नावाच्या वेलीने आणि हिमालयन ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीने बळकावली आहे. सह्याद्रीत घाणेरीने भरलेले उतार ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. घाणेरीही अशीच, मध्य-दक्षिण अमेरिकेतून बागेच्या शोभेसाठी आणलेली आणि कुंपण ओलांडून गेलेली. (हिमालयन ब्लॅकबेरीचा हिमालयाशी काही संबंध नाही बरं का, ती आर्मेनिया-इराणकडची. ऑगस्टमध्ये आपण तिची फळं डबे भरभरून आणतो आणि मुरंबा घालतो, त्यामुळे तिच्यावर कुदळ चालवताना काहींना जड जाईल.)

ही झुडपं काय करू शकतात याचा पुरावा कार्कीकमध्येच आहे. पायपर नावाचा बव्हेरियातून आलेला एक बेकरीवाला होता. सिॲटलच्या 1889 च्या मोठ्या आगीत त्याचं दुकान जळालं, मग तो कुटुंबासह इथल्या ओढ्याकाठी येऊन राहिला. तिथे सफरचंदाची बाग झाली. पुढे ती बाग काटेरी जाळीत अशी बुडाली की लोक तिला विसरूनच गेले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुन्हा सापडली, स्वयंसेवकांनी जाळी उपसून काढली, आणि आजही त्या जुन्या झाडांना सफरचंदं लागतात. अख्खी फळबाग दिसेनाशी होते, तिथे वीतभर रोपाची काय कथा!

म्हणून आधी उपसणं. आयव्ही जमिनीवर पसरते तोवर फुलत नाही. झाडावर चढली की तिला फुलं-फळं येतात आणि पक्षी तिचं बी सगळीकडे नेतात. त्यामुळे पहिला हात चढलेल्या वेलींना. छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती वेल कापायची, खालचा भाग मुळासकट ओढून चार-पाच फुटांचं रिंगण मोकळं करायचं. वरची वेल मात्र ओढायची नाही! वाळकी फांदी डोक्यात येते. ती वरच्या वर सुकू द्यायची. ब्लॅकबेरी कापून भागत नाही, तिचा गड्डा खणून काढावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येते. हातमोजे घालायलाच हवेत, कारण आयव्हीच्या चिकाने कातडीवर पुरळ उठतं.

आता माणसांचं. ऐंशी जण एकदम उतरले तर फोटो छान येईल आणि उतारावरचे नेचे तुडवले जातील. एका जाणत्या माणसामागे बारा-पंधरा जण पुरे. शहर आणि स्वयंसेवक मिळून गेली वीसेक वर्षं सिॲटलच्या सुमारे 2,500 एकर जंगली उद्यानांवर हे काम करतायत. त्यांचे प्रशिक्षित 'फॉरेस्ट स्ट्युअर्ड' आहेत. कुठला तुकडा, काय उपटायचं, काय ठेवायचं हे ते ठरवतील. आपण आपल्या मनाने कुठे काही लावायचं नाही. तुळस तर नाहीच नाही. (हो, विचारणा झाली होती.)

लागवड इथे पावसाच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करतात, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ नसतो आणि तोवर मुळं खोल जायला हवीत. तरीही बरीच नवी रोपं पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत मरतात. त्यांना लाकडाच्या बारीक ढलप्यांचं आळं करावं लागतं, बुंध्याला चिकटू न देता. आयव्ही परत डोकं वर काढते, ती उपटावी लागते. म्हणून माझा आग्रह एकच आहे. एक छोटा तुकडा घ्या आणि तीन उन्हाळे तो सोडू नका. हे जमणार नसेल, तर नोव्हेंबरचा तो एक दिवसही घालवू नका. त्यापेक्षा घरी फराळ करा.

हरकती ऐकल्या आहेत. "आपण राहतो तळ्यापलीकडे बेलव्ह्यू-रेडमंडला, पूल ओलांडून टोल भरून सिॲटलची बाग कशाला?" रास्त आहे. रेडमंड आणि कर्कलंडमध्येही अशीच कामं चालतात. ज्यांना ती जवळ पडतात त्यांनी तिथे जावं, मला आनंदच आहे. कार्कीकचा आग्रह मुलांसाठी. नोव्हेंबरात तिथल्या पायपर्स क्रीकमध्ये समुद्रातून चम सामन मासे अंडी घालायला चढतात. काम संपवून दहा मिनिटं चाललं की ते डोळ्यांनी दिसतात. पोरांना गाडीत बसवायला एवढं पुरे.

आणि तिकडून सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा! खुरपं कसं धरायचं हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. दुपारभर सोफ्यावर बसून कंटाळतात, त्यांना उन्हाळ्यातल्या फेऱ्यांना न्या. गुडघे दुखत असतील तर उभ्याने वेली कापायचं काम द्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या सहीचा फॉर्म लागतो, तो आधी भरायचा. शाळेच्या सेवा-तासांचं पत्र हवं असेल तर आधीच सांगा. हत्यारं तिथे मिळतात. आपण पाण्याची बाटली, चिखलात चालतील असे बूट आणि रेनकोट आणायचा. पोहे आणि चहा मंडळाकडून.

चहाच्या टेबलावर दोन कागद ठेवले आहेत. एकावर नोव्हेंबरची तारीख आहे, दुसऱ्यावर पुढच्या जुलै-ऑगस्टच्या. कृपया दुसऱ्या कागदापासून सुरुवात करा.