बागेतला कोल्हा

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरला, भातं कापणीला आली, की आपल्या गोव्याच्या सड्यांवर, कातळाच्या पठारांवर, तिन्हीसांजेला कोल्हेकुई ऐकू येते. चोडण बेटाच्या खारफुटीतला हा प्राणी हल्ली वस्तीजवळच्या बागांतही येतो. त्याला हाकलू नका आणि खायलाही घालू नका. परत सांगतो, हाकलू नका, खायला घालू नका.

दिवाळीच्या तोंडावर पर्वरीकडच्या एका सार्वजनिक बागेत मी पहाटे बाकावर बसलो होतो. चिऱ्यांच्या गडग्याला एक खिंडार आहे, तिथून तो आत आला. तांबूस-राखी अंग, शेपटीचं टोक काळं. आधी गेला तो औदुंबराखाली. उंबरं हुंगायचा, आंबलेली सोडायचा, पिकलेली उचलायचा. आपण उंबर फोडून किडे बघतो, तो किड्यांसकट मटकावतो! मग हिरवळीवर आला आणि मध्येच थबकला. पुढचा एक पाय तसाच उचललेला, मान तिरकी, दोन्ही कान गवताकडे. कितीतरी वेळ हालचाल नाही. आणि एकदम उसळला तो, चारही पाय अधांतरी! खाली आला तेव्हा पुढचे पाय गवतात रुतलेले आणि तोंडात उंदीर. एवढ्यात माळीकाका खराटा घेऊन आले. मला वाटलं, आता दगड मारणार. ते म्हणाले, "बसा बसा, त्याला जाऊ दे. उंदीर माझे कर्दळीचे कंद कुरतडायचे, हा यायला लागल्यापासून कमी झालेत."

त्या काकांना एकच विनंती केली, पाचोळा जाळू नका. त्यातच किडे, त्यातच गोगलगायी, कोल्ह्याचं अर्धं ताट तिथे असतं. आणि दिवाळीला नरकासुराचे पुतळे करणाऱ्या मुलांनो, नरकासुर हौसेने करा, मलाही बघायला आवडतो, पण पहाटेपर्यंत कर्णे कशाला? माणसांनाही झोप हवी.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे. 'कोल्ह्याचं शिंग' म्हणून जे विकतात ती निव्वळ फसवणूक. कोल्ह्याला शिंग नसतं, आणि त्यापायी त्याचा जीव जातो. झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा कोल्हा दिसला तर लांब राहा, वन खात्याला कळवा. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका. आधी साबण-पाणी, मग लगेच दवाखाना.