'फेद्र' बसवताना

मंडळी, मंडळाच्या रंगमंचावर फ्रेंच नाटककार रासीनचं 'फेद्र' करायचं असेल, तर नेपथ्यावर पैसा घालू नका. १ जानेवारी १६७७ला पॅरिसच्या ओतेल द बुर्गोन्यमध्ये पहिला प्रयोग झाला. तिथल्या नेपथ्यवहीत या नाटकापुढे नोंद आहे ती एवढीच: कमानदार राजवाडा आणि सुरुवातीला एक खुर्ची.

सावत्र मुलावर, इपोलितवर, फेद्रचं मन जडलंय. ते लपवता लपवता ती मरणाला टेकली आहे. प्रवेश करताच तिचे पाय लटपटतात आणि ती बसते. खुर्ची दणकट, हातांची घ्या. दांड्यावर भार देऊन उठायचा प्रयत्न प्रेक्षकाला दिसायला हवा. पहिला अंक संपला की खुर्ची विंगेत.

खरी परीक्षा तलवारीची. दुसऱ्या अंकात फेद्र इपोलितला सगळं सांगून टाकते, 'मार मला' म्हणते आणि त्याचीच तलवार उपसते. दाई एनोन तिला ओढून नेते, तलवार त्यांच्याबरोबर जाते. चौथ्या अंकात हीच तलवार इपोलितने फेद्रवर हात टाकला या खोट्या आरोपाचा पुरावा होते आणि बाप, तेझे, ती ओळखतो. ती जाताना प्रेक्षकांनी पाहिली नसेल, तर तेझे नुसता मूर्ख वाटतो. म्हणून मूठ ठळक, लांबून ओळखू येईल अशी करा. म्यान सैल ठेवा, ते फेद्रच्या हाताकडे येईल अशी इपोलितची जागा ठरवा. पातं बोथटच हवं. पहिल्या तालमीपासून प्रयोगातलीच तलवार वापरा, कारण घट्ट म्यानात ती अडकते आणि नेमक्या त्या क्षणी प्रेक्षागृहात हशा पिकतो.

मूळ नाटक १६५४ ओळींचं. ओळ १२ अक्षरांची, सहाव्यानंतर यती, म्हणजे छोटा विराम. ओळीला चार-पाच सेकंद धरले तर पावणेदोन ते सव्वादोन तास होतात, मध्यंतर नकोच. एका श्वासात एक ओळ, ही शिस्त मराठी अनुवादातही पाळा. पहिल्याच अंकात हुंदके सुरू झाले की चौथ्यासाठी काही उरत नाही. इपोलितचं आरिसीवर प्रेम आहे हे फेद्रला तिथे कळतं, आणि अपराधाच्या जोडीला मत्सर येतो. माझ्या मते नाटकातली सर्वांत अवघड जागा ती.

इपोलितच्या मृत्यूचं, त्याचा गुरू तेरामेन याचं कथन ७३ ओळींचं आहे. मागे घोड्यांच्या टापा, लाटांचे आवाज लावायचा मोह होतो, लावू नका. प्रकाश ऐकणाऱ्या तेझेवरही हवा. मुलाच्या नाशाचं मागणं त्यानेच समुद्रदेवाकडे मागितलेलं असतं.

शेवटी फेद्र येते ती विष पिऊनच. तिच्या मरणाबरोबर प्रकाश मंद करायची सवय इथे मोडा. आपल्या डोळ्यांनी विटाळलेला दिवस पुन्हा निर्मळ होतोय, असं ती म्हणते, तेव्हा प्रकाश वाढायला हवा. तेझेच्या शेवटच्या ओळीही कापू नका. शत्रूच्या घराण्यातल्या आरिसीला तो मुलगी मानतो, ब्लॅकआउट त्यानंतर.