२१३ इंच ५ सूत

(माहितीपटाचे निवेदन. बफेलो काउंटी, विस्कॉन्सिन. नोव्हेंबरमधील पहाट.)

मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील हा काठ अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बफेलो काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा आहे. नदीवर धुके आहे, कड्यांच्या माथ्यावर ओकची झाडे आहेत आणि दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या सपाटीवर कापून नेलेल्या मक्याची धसकटे उभी आहेत. धसकटांच्या कडेने जो नर चालला आहे, त्याची शेपटी अजून खाली आहे. धोक्याची चाहूल लागली की ती ताठ वर उभी राहील आणि तिची आतली पांढरी बाजू दूरवरून दिसेल. याच खुणेवरून या हरणाला व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणतात. कॅनडापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत ही जात आढळते. मात्र ज्यांच्या शिंगांचे माप मोठ्या शिंगांच्या नोंदग्रंथात उतरते असे नर मोजक्या भागांत पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्या भागांच्या यादीत या लहानशा काउंटीचे नाव फार वर आहे.

याचे पहिले कारण पायाखाली आहे. हिमयुगात भोवतालचा मुलूख हिमनद्यांनी खरवडून सपाट केला, पण हा पट्टा त्यांच्या तडाख्यातून सुटला, आणि म्हणून इथे उंच कडे आणि खोल घळी शिल्लक राहिल्या. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक गाळाची कसदार माती इथे आहे. सपाटीवर मका, सोयाबीन आणि घोडाघास पिकतो, तर उतारावरच्या ओकच्या जंगलात शरद ऋतूत एकोर्न फळांचा सडा पडतो. जे उतार नांगराखाली येऊच शकत नाहीत, तेथे नराला लपता येते. आणि लपता आले तरच त्याला वय मिळते. वय हेच दुसरे आणि अधिक मोठे कारण होय. दीड वर्षाच्या नराला पहिली खरी शिंगे येतात, परंतु त्यांचा पूर्ण विस्तार पाच ते सात वर्षांच्या वयात दिसतो, आणि बहुतांश भागांत नर तितके जगतच नाहीत.

(उन्हाळ्यातील दृश्य: मखमली सालीतील शिंगे.)

येथे आपल्या भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. काळविटाचे आणि सांबराचे, दोघांचेही आपण शिंगच म्हणतो. पण काळविटाचे शिंग आयुष्यभर टिकते आणि सांबराचे गळून पुन्हा उगवते. व्हाइटटेल हा सांबराच्या कुळातला आहे. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या डोक्यावर नवी शिंगे फुटतात. ती रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ, केसाळ सालीखाली वाढतात, आणि वाढीचा वेग इतका असतो की अन्नातून मिळणारे कॅल्शियम पुरेनासे होऊन शरीर स्वतःच्या फासळ्यांतून ते उसने घेते. ऑगस्टच्या अखेरीस वाढ थांबते, साल सुकते, नर ती झुडपांवर घासून काढतो, आणि आत उरते ते निव्वळ हाड. मीलनकाळ आटोपला आणि हिवाळा सरू लागला की हे हाडही गळून पडते.

अशा नरांचा मुख्य प्रदेश म्हणजे अमेरिकेचा मका पिकवणारा मध्यभाग: आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो, मिसूरी, कॅन्सस आणि त्यांना लागून असलेले केंटकी. आयोवात बंदुकीचा मुख्य हंगाम मीलनकाळ उलटून गेल्यावर, डिसेंबरमध्ये असतो. त्यामुळे नर जेव्हा सर्वांत बेसावध असतात, तेव्हा त्यांच्यासमोर बंदुका नसतात. उत्तरेला कॅनडातील सस्कॅचेवानमध्ये गव्हाची शेते आणि अस्पेनची जंगले यांच्या सीमारेषेवर धिप्पाड देहाचे नर आढळतात. दक्षिण टेक्सासच्या काटेरी झुडपांतील नर अंगाने लहान असूनही त्यांची शिंगे मात्र मोठी असतात.

(मेज, दिवा, पोलादी फीत, छापील तक्ता.)

आता या खोलीत चालू असलेले काम सावकाश पाहावे, कारण या चित्रपटाचा विषय खरा येथे आहे. मेजावर कवटीच्या हाडाला जोडलेली शिंगांची जोडी आहे. मोजणारी व्यक्ती प्रशिक्षित स्वयंसेवक आहे आणि ती या कामाचे पैसे घेत नाही. तिच्या हातातील पोलादी फीत पाव इंच रुंदीची आहे. मोजमाप इंचाच्या आठव्या भागापर्यंत घेतले जाते. आपल्याकडचा सुतार इंचाच्या या आठव्या भागाला सूत म्हणतो, आणि येथून पुढे आपणही तोच शब्द वापरू.

प्रथम मुख्य दांड्याची लांबी घेतली जाते: मुळाशी असलेल्या खडबडीत कड्यापासून बाहेरच्या वळणाने टोकापर्यंत. नंतर दांड्यावरून वर उठणारा प्रत्येक फाटा मोजला जातो. फाटा म्हणून गणना व्हायची तर तो किमान एक इंच लांब असावा लागतो आणि त्याची लांबी रुंदीपेक्षा जास्त असावी लागते. अन्यथा तो नुसता उंचवटा ठरतो. त्यानंतर प्रत्येक बाजूस चार ठिकाणी दांड्याचा घेर घेतात. शेवटी दोन दांड्यांमधले आतले अंतर मोजतात, पण ते लांब दांड्याच्या मापापेक्षा जास्त भरले तर वरचा भाग हिशेबात धरत नाहीत. या सर्वांची बेरीज झाली की वजाबाकी सुरू होते. डावा फाटा उजव्यापेक्षा जितका लहान किंवा मोठा असेल, तितके सूत कापले जातात. नियमित ठेवणीच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेल्या शिंगांच्या गटात वेडावाकडा फुटलेला फाटाही वजा होतो. अनियमित ठेवणीच्या गटात मात्र हेच वेडेवाकडे फाटे बेरजेत मिळवले जातात.

हे सारे शिंगे काढल्यावर लगेच करता येत नाही. ती खोलीच्या साध्या तापमानात किमान ६० दिवस वाळावी लागतात, कारण ओले हाड सुकताना आकसते आणि त्यात काही सूत सहज जातात. कवटीचा जोडणारा भाग करवतीने दुभंगला असेल, तर ती जोडी नोंदीस अपात्र ठरते. दोन शिंगांमधील अंतर निसर्गाने ठेवले होते की माणसाने, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

ही पद्धत बून अँड क्रॉकेट क्लबची आहे. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये हा क्लब स्थापन केला, तेव्हा बाजारासाठी होणाऱ्या शिकारीमुळे खंडातील मोठे प्राणी झपाट्याने नाहीसे होत होते. जे संपणार आहे त्याची निदान मापे तरी मागे राहावीत, या विचाराने नोंदी सुरू झाल्या, हे आज शिंगांभोवतीच्या झगमगाटात विसरले जाते. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी १९०६ मध्ये आरंभलेला आणि १९२२ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात खुला झालेला शिंगांचा राष्ट्रीय संग्रह जगातील लोप पावणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या स्मृतीस अर्पण केलेला होता; तो आज मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे आहे. पहिला नोंदग्रंथ १९३२ मध्ये निघाला, पण त्यातील क्रम ढोबळ मापांवर लावलेला होता. जेम्स क्लार्क आणि ग्रँसेल फिट्झ यांनी स्वतंत्रपणे बसवलेल्या दोन पद्धती समोर होत्या. सॅम्युएल वेब यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांतून एक पद्धत घडवली, ती १९५० मध्ये स्वीकारली गेली आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे. नियमित गटात कायमच्या नोंदीसाठी १७० इंच लागतात, तर अनियमित गटात १९५. केवळ धनुष्यबाणाने मिळवलेल्या शिंगांच्या नोंदी पोप अँड यंग क्लब १९६१ पासून वेगळ्या ठेवतो आणि त्याची किमान मापे कमी आहेत. बून अँड क्रॉकेटच्या ग्रंथात उंच कुंपणाच्या आत मारलेल्या हरणाला जागा नाही.

(भिंतीवरील शिंगे. जुनी छायाचित्रे.)

मापांच्या तक्त्यावर प्राणी मारणाऱ्याचे नाव असते, हे खरे आहे. परंतु तक्त्याला त्या नावाची गरज नसते, हे पुढील हकिगतीवरून कळते. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये विस्कॉन्सिनच्या डॅनबरी गावाजवळ जेम्स जॉर्डन या तरुणाने बर्फातील पावलांचा माग काढत एक नर मारला. डोके जतन करण्यासाठी त्याने ते एका कारागिराकडे दिले, तो कारागीर गाव सोडून गेला, आणि डोकेही त्याच्याबरोबर गेले. कित्येक दशकांनंतर मिनेसोटातील सँडस्टोन येथे जुन्या सामानाच्या विक्रीत एका माणसाने ही शिंगे अवघ्या ३ डॉलरला विकत घेतली. माप अखेर २०६ इंच १ सूत ठरले आणि ती नियमित गटातील जागतिक विक्रमाची शिंगे निघाली. ग्रंथात त्यापुढे शिकाऱ्याची जागा बरीच वर्षे अज्ञात होती. १९७८ मध्ये जॉर्डन यांचे नाव मान्य झाले, तेव्हा त्यांच्या निधनाला जेमतेम दोन महिने झाले होते.

हा विक्रम मोडायला १९९३ उजाडले. त्या वर्षी २३ नोव्हेंबरला सस्कॅचेवानमधील बिगर गावाजवळ शेतकरी मायलो हॅन्सन यांनी शेजाऱ्यांसोबत निघालेल्या शिकारीत एक नर मारला. त्याच्या शिंगांचे माप २१३ इंच ५ सूत भरले. पडद्यावर दिसते ती त्याच शिंगांची प्रतिकृती आहे. दोन्ही बाजू एकमेकींशी इतक्या जुळतात की वजाबाकीला फारसा वाव उरत नाही, आणि खरी करामत हीच आहे. इंडियानात २०२१ मध्ये डस्टिन हफ यांना मिळालेली शिंगे २११ इंच ४ सुतांवर थांबली. हॅन्सन यांचा आकडा आजही शिखरावर आहे.

अनियमित गटाचे शिखर तर कोणाच्याही गोळीने गाठलेले नाही. मिसूरीतील सेंट लुईस काउंटीत १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये कुंपणाजवळ एक नर मरून पडलेला आढळला. त्याची शिंगे ३३३ इंच ७ सूत भरली आणि ती राज्याच्या संवर्धन विभागाकडे आहेत. दुसऱ्या क्रमांकाचा नरही मेलेलाच सापडला. ओहायोतील केंट शहराजवळ, रेल्वेमार्गाच्या कडेला, १९४० मध्ये मिळालेली ही शिंगे पुढे सुमारे चाळीस वर्षे शहरातील एका क्लबच्या भिंतीवर धूळ खात होती. माप निघाले ३२८ इंच २ सूत. उजव्या दांड्यावरून खाली लोंबणाऱ्या फाट्याला एक भोक आहे. ते गोळीचे असावे, अशी समजूत बरीच वर्षे होती. नंतर असे सांगितले गेले की लष्करी शस्त्रागाराच्या कुंपणाचा टोकदार पोलादी भाग त्यात घुसला होता. कोणत्याही शिकाऱ्याने मिळवलेली सर्वांत मोठी शिंगे २०१८ मध्ये इलिनॉयच्या एडगर काउंटीत ल्यूक ब्रूस्टर यांना धनुष्यबाणाने मिळाली. त्यांचे माप आहे ३२७ इंच ७ सूत, म्हणजे केंटच्या शिंगांपेक्षा तीन सूत कमी. माणसाची सर्वोत्तम कामगिरी रुळांच्या कडेला बेवारस पडलेल्या नरापेक्षा तीन सुतांनी मागे राहिली, याचे आम्हाला, खरे सांगायचे तर, समाधान वाटते.

प्रत्येक नोंदीत काउंटी आणि वर्ष असल्यामुळे या तक्त्यांना भिंतीवरील शोभेपलीकडचा उपयोग आहे. शिकारीचे प्राणी कोणत्या मातीत, कोणत्या दशकात मोठे झाले, हे त्यावरून दिसते. उत्तर अमेरिकेतील अनेक शिंगवाल्या प्राण्यांच्या सुमारे शंभर वर्षांच्या नोंदी घेऊन केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात बहुतेक गटांमध्ये शिंगांचा आकार किंचित घटल्याचे आढळले. १९०० च्या सुमारास अमेरिकेत जेमतेम पाच लाख व्हाइटटेल उरले असावेत, असा अंदाज केला जातो. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते, आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा त्यामागे आहे. जमिनींचे चढते भाव, कुंपणाआड शिंगांसाठी पैदास केली जाणारी हरणे, आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये आढळलेला, हरणांना झिजवून मारणारा असाध्य मेंदुरोग, हेही याच शिंगांभोवतीच्या जगाचे भाग आहेत.

(त्याच टेकड्या. वितळणारे बर्फ.)

मार्च महिना आहे. पहाटे दिसलेल्या नराचे एक शिंग ओकच्या पाचोळ्यात पडले आहे. दुसरे कदाचित पुढच्या घळीत असेल, कदाचित कुंपणापलीकडच्या शेतात. दोन्ही सापडली तरी त्यांना जोडणारी कवटी जिवंत नराच्या डोक्यावर आहे, त्यामुळे मधले अंतर मोजता येणार नाही आणि ग्रंथात त्यांना जागा मिळणार नाही. शिंगाच्या टोकाशी बारीक दातांच्या समांतर रेघा दिसतात. उंदीर आणि खारी त्यातील कॅल्शियमसाठी कुरतडायला लागल्या आहेत, आणि एक इंचाहून अधिक भाग आताच नाहीसा झाला आहे.