दोन स्टेपची रिअ‍ॅक्शन, रेट कुठल्या स्टेपचा धरायचा?

नमस्कार मंडळी, सोलापुरातनं बोलतोय. बारावीच्या पोरांचं एक हमखास चुकतंय, बॅलन्स्ड इक्वेशन दिसलं की त्यातले आकडे उचलायचे आणि डायरेक्ट रेट लॉ, म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग कुणाच्या प्रमाणावर कसा ठरतो ते सूत्र, मांडून मोकळं व्हायचं. असं नाही चालत हो, इक्वेशन फक्त काय गेलं नि काय आलं ते सांगतं, मधला रस्ता सांगत नाही.

आपल्या पूर्व भागात एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात जा. लूम धडाधड चाललेत, पण कडा शिवणाऱ्या मावशी दोघीच, त्यांच्या मशीनशेजारी न शिवलेल्या टॉवेलांचा ढीग लागलाय. आता पुढं पॅकिंगला दोनाच्या जागी सहा माणसं बसवली तरी संध्याकाळी गठ्ठे तेवढेच, मावशींच्या हातनं सुटतील तेवढेच.

रिअ‍ॅक्शनचंही तसंच, सगळ्यात स्लो स्टेप असते तीच रेट ठरवते. आता नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) घ्या. इक्वेशनमध्ये दोन्ही एकेक. पण साधारण 225 अंश सेल्सिअसच्या खाली आधी एनओटूचे दोन रेणू एकमेकांवर आपटतात, एनओथ्री आणि एनओ होतात, ही स्लो स्टेप. मग एनओथ्री एक ऑक्सिजन सीओला देतो, ही एकदम फास्ट. म्हणजे सीओ पॅकिंगला बसलाय! तो दुप्पट केला तरी रेट हलत नाही, एनओटू दुप्पट केला तर चौपट. रेट म्हणजे के (रेटचा स्थिरांक) गुणिले एनओटूचा वर्ग, बास.

स्लो स्टेप दुसरी असली की जरा डोकं लावावं लागतं. दोन एनओ अधिक ऑक्सिजन, त्यातनं एनओटू. आधी दोन एनओची जोडी जुळते, एनटूओटू, आणि परत सुटते, दोन्हीकडं भराभर, मग ती जोडी ऑक्सिजनशी सावकाश रिअ‍ॅक्ट होते. रेट झाला के-टू (या दुसऱ्या स्टेपचा स्थिरांक) गुणिले एनटूओटू गुणिले ऑक्सिजन. इथंच पोरं पेन खाली ठेवतात, अरे थांबा की, एनटूओटू इंटरमिजिएट आहे, म्हणजे मधेच तयार होऊन मधेच संपणारा, तो उत्तरात ठेवायचा नसतो. पहिल्या स्टेपच्या इक्विलिब्रियमवरनं (जुळणं नि सुटणं सारख्याच वेगानं) तो म्हणजे मोठा के (इक्विलिब्रियमचा स्थिरांक) गुणिले एनओचा वर्ग, ते त्याच्या जागी घाला. एनओला ऑर्डर (रेट लॉमधला घात) दोन, ऑक्सिजनला एक, एकूण तीन.

आणि ही रिअ‍ॅक्शन तापवली की मंदावते, खरंच! जोडी जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवल्यावर मोठा के घसरतो, आणि के-टू जेवढा वाढतो त्यापेक्षा जास्तच घसरतो. दुसरी स्टेप तयारीत असते, पण तिच्यापर्यंत पोचायला जोड्याच कमी उरतात.