पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. या म्हणीत मला आज एक दुरुस्ती सुचवायची आहे. सरकारला पैशाचं सोंग आणता येतं. वर्षानुवर्षं आणता येतं, आणि बघणाऱ्याला संशयही येत नाही.

अंदाजपत्रक तयार करताना पगार अडवता येत नाहीत, कारण दुसऱ्याच दिवशी लोक रस्त्यावर येतात. व्याज थकवता येत नाही, कारण सावकार पुन्हा दारात उभं करत नाही. निवृत्तिवेतनाचं तर नावच काढू नका. मग कात्री चालते कशावर? देखभालीवर. छताची डागडुजी यंदा केली नाही म्हणून ते यंदाच पडत नाही. जुनी जलवाहिनी आणखी एक वर्ष निघते. शिवाय नवी इमारत बांधली की फीत कापता येते. जुनीची गळती थांबवली म्हणून कुणी फीत कापल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. कागदावर तूट कमी दिसते, कर वाढलेला नसतो, सगळे खूश असतात. खरं तर कर्ज काढलेलंच असतं. ते छताकडून काढलेलं असतं, एवढंच. आणि छत व्याजाचा दर आधी सांगत नाही.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९५० ते १९९० च्या दशकांत तिथे अनेक शाळांच्या आणि रुग्णालयांच्या छतांसाठी आतून बुडबुडे असलेलं एक हलकं काँक्रीट वापरलं गेलं. २०१८ मध्ये एका प्राथमिक शाळेचं असं छत कोसळलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली. २०२० मध्ये शिक्षण खात्याने हिशोब मांडला, की शाळांच्या इमारती धड ठेवायला वर्षाला ५.३ अब्ज पौंड लागतील. अर्थखात्याने दिले सरासरी ३.१ अब्ज. हा आकडा नंतर तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षकांच्याच अहवालात आला. आणि ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायला चार-सहा दिवस उरलेले असताना, शंभरावर शाळांना निरोप गेला, की या काँक्रीटच्या इमारती बंद करा. छताने वसुली काढली ती अशी.

छत निदान डोळ्यांना दिसतं. पाण्यातलं शिसं दिसत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे, तेव्हा साधारण लाखभर वस्तीचं. कारखाने गेले, माणसं गेली, मागोमाग करही गेला. जलवाहिन्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. त्या काही लोकसंख्येबरोबर आखडत नाहीत. तिजोरी कोरडी पडल्यावर राज्याने शहरावर आपला प्रशासक बसवला. एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी शहराला द्यायला सुरुवात झाली. दोन वर्षांत सुमारे पन्नास लाख डॉलर वाचतील, असा अंदाज होता. ते पाणी जुन्या नळांना खाणारं होतं, आणि नळांतलं शिसं त्यात उतरत होतं. गंज रोखणारं रसायन त्यात मिसळायला हवं होतं, तेही मिसळलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण सुटे भाग गंजत होते. हे मी जरा सावकाश सांगतो: इंजिनाला न चालणारं पाणी पुढे आणखी वर्षभर मुलं पीत होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर डेट्रॉइटच्या पाण्यावर परत आलं. नंतर न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई ६२ कोटी ६० लाख डॉलरची होती, आणि त्यात नळ बदलण्याचा खर्च धरलेला नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणायचं, तर इथे मसाल्याचं माप कुठल्या कुठे गेलं.

आता तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, अहो, सरकारी कारभारातली उधळपट्टी बंद करा, पैसाच पैसा निघेल. उधळपट्टी असते, आणि तिच्यावर घाव घालायलाच हवा. पण ती सगळी संपवली तरी एक दुखणं उरतं. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने विल्यम बोवेनबरोबर १९६० च्या दशकात ते दाखवून दिलं, तेही नाटक-संगीताच्या संस्थांचे हिशोब तपासताना. चार वादकांसाठी बेथोव्हेनने लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. तिघांत भागत नाही, निम्म्या वेळात उरकता येत नाही. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून दसपट माल निघतो आणि तिथले पगार वाढतात. मग वादकाचाही पगार वाढवावा लागतो, नाहीतर तो व्हायोलिन ठेवून कारखान्यात जाईल.

वादकाच्या जागी परिचारिका ठेवा, शिक्षिका ठेवा. एका शिक्षिकेने दुप्पट मुलं शिकवली तर कागदावर उत्पादकता दुप्पट होते. वर्गात काय होतं, ते कुठल्याही शिक्षिकेला विचारा. म्हणजे कोणी चोरी केली नाही, कोणी आळस केला नाही, तरी शाळा आणि रुग्णालयं इतर वस्तूंच्या मानाने महागच होत जाणार. कर तेवढेच ठेवून सेवा तेवढीच मागायची, तर दरवर्षी कुठेतरी थोडं थोडं कातरावं लागतं. दिलासा बॉमोलनेच दिला आहे. बाकीच्या गोष्टी स्वस्त झाल्यामुळेच हे महाग वाटतं, तेव्हा समाजाला ते परवडतं. पण स्वस्त टीव्हीमुळे वाचलेला पैसा आपोआप रुग्णालयात जात नाही. तो मधे कोणीतरी गोळा करावा लागतो, आणि त्यालाच कर म्हणतात.

तो गोळा करू द्यायला लोक का तयार नसतात? ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या आणि त्यांच्यामागून मालमत्ता करही. निवृत्त माणसाचं उत्पन्न होतं तेवढंच, आणि कराचं बिल फुगलेलं. तेव्हा राज्याच्या तिजोरीत मोठी शिल्लक पडून होती. लोक चिडणार नाहीत तर काय! जून १९७८ मध्ये त्यांनी मतदानाने कराला एक टक्क्याची मर्यादा घातली, आणि घर विकलं जाईपर्यंत त्याचं करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असं ठरवलं. स्थानिक संस्थांचं मालमत्ता कराचं उत्पन्न निम्म्याहून अधिक घटलं. मग शुल्कं वाढली, नव्या घरांवर आकार बसले. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत एक खटला गेला: नव्याने घर घेतलेल्या बाईला जुन्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर येत होता. न्यायालयाने ते चालेल म्हटलं. थोडक्यात, कर गेला नाही. उशिरा आलेल्याच्या माथी बसला.

आणि कर आकारायची आणखी एक पद्धत आहे, जिच्यावर कुठल्याही सभागृहात मतदान होत नाही. ती म्हणजे रांग. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे ४६ लाखांची होती, सप्टेंबर २०२३ मध्ये ती सुमारे ७८ लाखांवर पोचली. महासाथीने भर घातली हे खरं. पण १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याचं उद्दिष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून चुकत होतं. कराचा रुपया निदान कुठल्या तरी तिजोरीत पडतो. रांगेत गेलेला दिवस कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो रांग सोडून खासगीकडे जातो, आणि ज्याचा त्या दिवसाचा पगार बुडतो तो उभा राहतो.

म्हणून मला कर किती असावा यापेक्षा हिशोबात काय लिहिलं जातं, याची काळजी जास्त वाटते. न्यूझीलंडने १९८९ मध्ये कायदा करून सरकारी हिशोबांची पद्धतच बदलली. एखाद्या कंपनीसारखा मालमत्तेचा घसारा सरकारी वह्यांत येऊ लागला, म्हणजे झिजणाऱ्या छताचा आकडा दिसू लागला. हे फार मोठं पाऊल होतं, आणि ते इतर देशांनी उचलावं असं मला वाटतं. आता त्याच देशाच्या राजधानीची गोष्ट सांगतो, कारण ती लपवली तर मीही सोंगच आणल्यासारखं होईल. २०२३ च्या सुमारास वेलिंग्टन परिसरात नळांत सोडलेल्या पाण्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाटेतच गळून जात होतं.