रामकुंडावरची वही आणि खिशातली नोंद

पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. यजमानाने आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी नेमकी वही काढतात, आणि पणजोबा कोणाबरोबर गोदास्नानाला आले होते ते वाचून दाखवतात. ही नोंद यजमानाने समोर बसून स्वतः सांगितलेली असते. ती कोणाकडे आहे आणि कशासाठी आहे, हेही त्याला ठाऊक असते.

त्याच घाटावर उभ्या असलेल्या यात्रेकरूची दुसरी नोंद त्याच्या खिशातून होत असते. मोबाइल जवळच्या टॉवरच्या संपर्कात राहतो, म्हणून आपण कोणत्या भागात आहोत हे सेवा देणाऱ्या कंपनीला कळते. त्यावाचून फोन वाजणारच नाही. ॲपचे मात्र तसे नाही. पाऊस सातपूरला पडेल की पंचवटीत, एवढे सांगण्यासाठी हवामानाच्या ॲपला आपले अचूक ठिकाण लागत नाही. 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून केवळ अंदाजे ठिकाण देण्याची सोय फोनमध्येच आहे, आणि टॉर्चच्या ॲपने ठिकाण मागितले तर सरळ नकार द्यावा. घाटावर काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्येही अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतात.

गर्दीवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. 2003 च्या सिंहस्थात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. त्यामुळे गर्दीवर नजर नको, असे येथे कोणी म्हणणार नाही. परंतु घाटावर किती माणसे आहेत हे मोजणे वेगळे आणि त्यांतला प्रत्येक चेहरा ओळखून साठवणे वेगळे, कारण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला खरा, मात्र सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची वाटही त्याच कायद्यात ठेवलेली आहे.

आणि इतके सगळे तंत्रज्ञान बाजूला ठेवले, तरी लॉजच्या काउंटरवरची आधारची झेरॉक्स उरतेच. बाराही अंक, जन्मतारीख आणि पत्ता असलेला तो कागद खोली सोडल्यावर कोठे जातो, हे क्वचितच कोणी विचारते. पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ हे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ते चालेल का, असे आधी विचारावे. पूर्ण प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर ‘केवळ मुक्कामासाठी’ असे आडवे लिहून, तारीख घालून सही करावी. बँकेत आणि तलाठ्याकडे कागद देताना जुनी माणसे हेच करत आली आहेत.